सगळ्यांत शांत गाडी

मागून आलेली स्कूटर त्याला शर्टाच्या बाहीनं कळली. उजव्या कोपराजवळ कापड कुणी ओढावं तसं ओढलं गेलं, गालावरून गरम वारा गेला, आणि स्कूटर पुढे निघून गेल्यावर तिच्यावरच्या माणसानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या माणसाचं तोंड हलत होतं. शिवी असणार, आणि ओठांच्या आकारावरून बरीच लांबलचक. फूटपाथवर एक चष्मेवाली बाई हातातली पिशवी छातीशी धरून उभी होती. ती म्हणाली, "अहो, केव्हाचा हॉर्न देतोय तो." तो हसून म्हणाला, "लक्षच नव्हतं हो." लक्ष नव्हतं म्हटलं की माणसाला सगळं माफ असतं. पण त्याचं लक्ष होतं. रस्त्यावर पाऊल टाकण्याआधी त्यानं नेहमीसारखं थांबून ऐकलं होतं आणि मागे काहीही नव्हतं. म्हणजे त्या बाईसाठी होतं, स्कूटरवाल्यासाठी होतं, कोपऱ्यावर झोपलेल्या कुत्र्यासाठीही बहुतेक होतं. घरापर्यंतच्या दहा मिनिटांत त्यानं निदान वीसदा मागे वळून पाहिलं. इमारतीचा जिना चढतानासुद्धा एकदा पाहिलं आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली.

बावीस वर्षं तो लोकांचे कान तपासत होता. इस्पितळाच्या एका कोपऱ्यात जाड दाराची, भिंतींना स्पंज लावलेली एक छोटी खोली होती. तिला सगळे पेटी म्हणत. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं, दार लावायचं. बाहेर यंत्रापाशी आपण. आपण चकती फिरवून सूर सोडायचा, पेशंटला ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, यंत्रावर दिवा लागायचा, कागदावर खूण करायची. या कामाची एक गंमत त्याला अलीकडे वारंवार आठवत होती. यात तपासणाऱ्याला ऐकावं लागतच नाही, दिवा दिसला की झालं. एकच चाचणी होती ज्यात पेशंट शब्द उच्चारून दाखवतो आणि ते बरोबर आहेत का हे बाहेर बसून ऐकावं लागतं. ती तो वर्षभर धाकट्या तंत्रज्ञ मुलीवर सोपवत आला होता. तिला सराव व्हावा म्हणून, असं त्यानं तिला सांगितलं होतं. ती बिचारी उपकार मानत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि दिवा लावणारा आपणच असलो तर तो झाकायलाही फार काही करावं लागत नाही.

स्कूटरचं हे झालं त्याच दिवशी संध्याकाळी घरात गाडीचा विषय पुन्हा निघाला. पहिल्यांदा तो त्यानंच काढला होता, आठ दिवसांपूर्वी. इस्पितळ शहराबाहेरच्या नव्या इमारतीत जाऊन सहा महिने झाले होते. आतापर्यंत कर्मचाऱ्यांना न्यायला व्हॅन यायची, ती येत्या एक तारखेपासून बंद होणार होती. नवी इमारत शेहेचाळीस किलोमीटरवर. बसनं जायचं तर दोन बस बदलून अडीच तास, आणि पहिली बस येईपर्यंत पहिला पेशंट दारात. बायकोचा धाकटा भाऊ दर गुरुवारी यायचा. तो लेथवर काम करणारा माणूस, वाहनाचं काहीही असलं की त्याचा शब्द घरात शेवटचा. चहात बिस्किट बुडवून तो म्हणाला, "भाऊजी, जाऊन-येऊन ब्याण्णव किलोमीटर आहेत. साध्या गाडीवर गेलात तर वर्षभरात मणके वेचायला लागतील. क्रूझर मोटरसायकल घ्या. बुटकी सीट, पाय पुढे, पाठ ताठ. खुर्चीत बसून गेल्यासारखं."

"नवी क्रूझर काय स्वस्त आहे?"

"नवी कशाला? जुनी घ्यायची. लोक हौसेनं घेतात, चार रविवार मिरवतात आणि मग कापड टाकून ठेवतात. तसली एखादी बघू. रविवारी येतो मी."

बायको म्हणाली, "यांच्याइतका सावध माणूस बसला की गाडीच कंटाळेल." ती हे कौतुकानंच म्हणाली. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि त्यातली पहिली काही वर्षं ती त्याच्या साध्या मोटरसायकलवर मागे बसून सगळीकडे हिंडली होती. एकदाही खरचटलं नव्हतं. मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा तिघं मावेनात म्हणून ती गाडी विकली. आता मुलगी एकोणीस वर्षांची होती, तिचं कॉलेज त्याच रस्त्यावर अठ्ठाविसाव्या किलोमीटरला होतं आणि तिचे रोजचे तीन तास बसमध्ये जात होते. क्रूझर म्हटल्यावर ती दारातूनच म्हणाली, "म्हणजे मी तुझ्याबरोबर येणार, बाबा. ठरलं." तिनं तो आनंद अगदी सरळ दाखवला. तोपर्यंत गाडी म्हणजे तो एकटा असा त्याचा हिशेब होता. एकट्याचं काय, जीव मुठीत धरून जाता येतं. मागच्या सीटवर ती बसणार हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आता ते आल्यावर दुसरं काही डोक्यात शिरेना. मागे ती, उजवीकडे रस्ता, आणि त्या बाजूनं जे काही येईल ते बाहीला लागेपर्यंत न कळणारं.

सांगावं असं त्याला वाटलं. बायको कप उचलत होती तेव्हा तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलाही. ती पाठमोरी होती, नळ सुरू होता, ती काहीतरी बोलत होती. तिचं बोलणं त्याला पाण्याखालून यावं तसं येत होतं. आवाज होता, शब्दांच्या कडा झिजलेल्या होत्या. तो "हं" म्हणाला. ती पुढे बोलली. तो पुन्हा "हं" म्हणाला आणि बाहेर आला. हे "हं" त्यानं कुठून उचललं होतं ते त्याला पक्कं माहीत होतं. त्याचे वडील लाकूडकापाच्या कारखान्यात होते. आयुष्यभर गोल करवतीशेजारी उभे राहिले आणि पंचेचाळिशीत त्यांचे कान गेले. घरात सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत, आणि ओरडून बोललेलं कधी प्रेमाचं वाटत नाही. त्यांना विनोद कळायचा नाही, म्हणून ते सगळे हसून झाल्यावर क्षणभरानं हसायचे. भावंडं त्या उशिराच्या हसण्याची नक्कल करायची. तो पंधरा वर्षांचा असताना एकदा काही कारणानं चिडून त्यांच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला होता. ते पाटावर रंधा मारत होते. त्यानं साध्या आवाजात त्यांना एक घाण शिवी दिली. त्यांना ऐकू येतं का ते बघावं, एवढंच मनात होतं, असं त्यानं नंतर स्वतःला शंभर वेळा सांगितलं. रंधा थांबला नाही. लाकडाच्या ढलप्या पडत राहिल्या. आणि मग त्या थांबल्या, पण फळी संपली होती म्हणून की कशानं, हे त्याला कधी कळलं नाही. पुढे तो याच विद्येत शिरला, वडिलांना यंत्र बसवून दिलं, आणि त्यांनी ते दोन आठवड्यांत काढून डबीत ठेवलं. कानाला टोचतं म्हणाले. लोकांना वाटायचं, मुलानं वडिलांसाठी हा पेशा घेतला. तोही कुणाला नाही म्हणायचा नाही.

शनिवारी दुपारी धाकटी तंत्रज्ञ लवकर गेली. पेशंट नव्हते. त्यानं बाहेरच्या दाराला कडी लावली, पेटीतले हेडफोन लांब वायरीनं बाहेर ओढून घेतले आणि यंत्रासमोर बसून स्वतःच्या कानांवर चढवले. डाव्या हातात बटण, उजवा हात चकतीवर. डोळे मिटून त्यानं पहिला सूर सोडला. ऐकू आला. बटण दाबलं. दुसरा, तिसरा. वरचे बारीक सूर आले. कान जायला लागतात तेव्हा हेच आधी जातात, पाखरांचे, पैंजणांचे, कुजबुजीतले. तेही त्याला ऐकू आले. सूर सुटला आणि ऐकू आला, सुटला आणि आला. कागदावर विशीतल्या पोराची निघावी तशी वरून सपाट रेघ निघाली. ती पाहून त्याला क्षणभर खरंच हायसं वाटलं. मग हेडफोन उतरवताना त्याच्या लक्षात आलं की शेवटच्या तीन सुरांना तो बटण सूर सोडण्याआधीच दाबत होता. बोट आणि कान एकाच माणसाचे होते. बोटानं सूर सोडला की कान होकार देत होते. पेशंटमधले काही चलाख लोक असंच करायचे, ताल पकडून बटण दाबायचे, आणि तो त्यांना गोड शब्दांत रागवायचा. आजोबा, मला फसवून तुमचा काय फायदा, म्हणायचा. त्यानं कागदाचे बारीक तुकडे केले आणि खिशात घातले, कारण टोपलीत टाकायची भीती वाटली. धाकटीला सांगितलं असतं तर तिनं पाच मिनिटांत खरं काय ते काढलं असतं. पण ती प्रामाणिक होती, तिनं ते नोंदवहीत लिहिलं असतं, आणि कान तपासणाराच बहिरा ही बातमी संध्याकाळपर्यंत कॅन्टीनमध्ये पोचली असती. मग कोण कशाला त्याला त्या खुर्चीवर ठेवील? मुलीच्या कॉलेजची अजून दोन वर्षं बाकी होती.

रविवारी मेहुणा दहाच्या ठोक्याला हजर झाला. जुन्या गाड्यांच्या दुकानाचं आवार एका पंपामागे होतं. पुढे स्कूटरच्या रांगा, मागे पत्र्याखाली तीन क्रूझर. एक तांबडी, एक काळी, एक निळी. दुकानदार ओलं फडकं हातात घेऊनच बोलत होता आणि बोलता बोलता दिसेल ती टाकी पुसत होता. मेहुण्यानं आधी तिन्ही इंजिनांवर तळहात ठेवून पाहिला. "गार आहेत. गरम करून ठेवली असतीत तर मी आल्यापावली परत गेलो असतो," तो दुकानदाराला म्हणाला. गरम इंजिन सगळी दुखणी लपवतं, असं त्यानं भाऊजींना समजावलं. मग तो चेन ताणून बघायला लागला, टायरमध्ये नख घालायला लागला, गुडघ्यावर बसून एका डोळ्यानं चाकांची सरळ रेघ जुळवायला लागला. मेहुण्याचं हे चाललं होतं तोवर तो काळ्या गाडीवर बसून पाहत होता. दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकले. हँडल आपणहून हातात आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या मणक्यातून भीती थोडी खाली उतरली. ही जड आहे, बुटकी आहे, जमिनीला धरून आहे, असं तो मनात म्हणत राहिला.

"आता ऐकायचं काम तुमचं," मेहुणा उठून हात झटकत म्हणाला. "आमचं सगळं ठोकाठोकीचं. कानातले जाणकार तुम्ही."

"साहेब कानाचे डॉक्टर का?" दुकानदारानं विचारलं.

"डॉक्टर नाही. तपासतो."

"म्हणजे यंत्रच घेऊन आलात की."

नाही म्हणायची सोय नव्हती. तिन्ही गाड्या एकामागून एक सुरू केल्या गेल्या. त्यानं कानांत प्राण आणून ऐकलं. तांबडीचा आवाज खालून, जाड, काहीतरी घासत असल्यासारखा येत होता. काळीचे ठोके भरदार होते पण मधेच एखादा अडखळायचा. आणि निळी. निळी सुरू झाली आणि त्याला एकदम बरं वाटलं. तिचे ठोके सुटे, स्वच्छ, दोन ठोक्यांच्या मधे काहीही नाही. तिथे अशी शांतता होती की त्याला वाटलं, वाट्टेल तितका वेळ इथे उभं राहावं. आणि त्याहून मोठा आनंद असा की तीन आवाजांतला फरक त्याला कळला होता. म्हणजे कान शाबूत होते. म्हणजे त्या दिवशी खरंच लक्ष नव्हतं. तो बावीस वर्षांच्या अधिकारानं म्हणाला, "तांबडीचा सायलेन्सर गेलाय. काळी थोडी अडखळते. ही घेऊ. सगळ्यांत शांत ही."

दुकानदाराचं फडकं थांबलं. मेहुण्यानं त्याच्याकडे पाहिलं, निळ्या गाडीकडे पाहिलं, आणि मग तो गुडघ्यांवर हात टेकून हसायला लागला. "भाऊजी, तुमचं पण काय. इंजिनातलं टॅपेट केवढं वाजतंय तिचं. वाटीत खिळे घालून हलवल्यासारखं. माझे दात शिवशिवायला लागले इथं उभ्या उभ्या."

"साहेबांनी बरोबर नेम धरून टोमणा मारला," दुकानदार म्हणाला. "वाजतंय हो ते थोडं. मी नाही कुठं म्हणतो? करून देऊ."

तोही हसला. पण ते दोघं हसून झाल्यावर, क्षणभरानं. हसता हसता त्यानं काहीतरी करायचं म्हणून निळीच्या इंजिनावर हात ठेवला, आणि तळहाताला ते कळलं. कट कट कट कट, बारीक, कोरडं, धातूवर धातू आपटत होतं. दोन ठोक्यांच्या मधली ती स्वच्छ शांतता खच्चून भरलेली होती. त्यानं हात उचलला की ती रिकामी व्हायची आणि ठेवला की भरायची. त्यानं तीनदा तसं करून पाहिलं. मेहुण्याला वाटलं भाऊजी अजून थट्टा करतायत. शनिवारी जी चाचणी त्याला स्वतःची घेता आली नव्हती ती इथे, ओल्या फडक्याच्या माणसासमोर, न सांगता झाली होती. इथे चकतीवर त्याचं बोट नव्हतं. आता माहीत नाही असं म्हणता येणार नव्हतं. भीतीला इतके दिवस एक दार होतं, कदाचित नसेलही असं काही, या नावाचं, ते बंद झालं. मेहुण्यानं काळी पसंत केली. अडखळतेय ते कार्बोरेटर साफ केला की जाईल म्हणाला. आपण कुठल्या कागदांवर सह्या केल्या ते भाऊजींच्या लक्षात राहिलं नाही.

घरी आल्यावर मेहुण्यानं निळ्या गाडीचा किस्सा रंगवून सांगितला. दुकानदाराचा चेहरा कसा पडला याची नक्कल केली. बायको पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "हे असे गंभीर चेहऱ्यानं फिरकी घेतात ना, कुणाला कळत नाही." मुलगी तेवढी हसली नाही. ती नव्या हेल्मेटची काच आतून पुसत होती. तिनं मान वर करून बापाकडे पाहिलं आणि पुन्हा काच पुसायला लागली.

एक तारखेला आठ दिवस होते. रोज सकाळी तासभर तो काळी गाडी घेऊन एकटा रस्त्यावर सराव करत होता. हात विसरले नव्हते. पण उजवा आरसा ठरावीक वेगाला थरथरायला लागायचा आणि त्यातली मागची वाहनं डबक्यातल्या प्रतिबिंबासारखी फुटायची. इंजिनाचा जाड ठोका छातीत भरून राहायचा, मागून येणाऱ्या मोठ्या गाडीची घरघर त्या ठोक्यात बुडून जायची, आणि हॉर्न ज्या पट्टीत वाजतात ती पट्टी तर त्याच्या कानांतून उठूनच गेली होती. मग राहिले डोळे. एक सेकंद पुढे, एक सेकंद आरसा, एक सेकंद खांद्यावरून मागे. घरी येईपर्यंत मान लाकडासारखी व्हायची. हेल्मेट घातलं की सगळेच अर्धे बहिरे होतात, असं तो स्वतःला सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं. मग दुसऱ्या मिनिटाला त्याला मुलीची पाठ दिसायची. ती मागे बसणार म्हणजे त्याला ती दिसणार नव्हती, पण त्याला तिची पाठच दिसायची, कॉलेजची बॅग लावलेली, आणि तिच्या मागे काहीतरी मोठं येत असलेलं. त्यानं तीनदा ठरवलं, आज सांगायचं. एकदा बायको दुखऱ्या मानेला तेल लावत होती तेव्हा शब्द तोंडापर्यंत आले. "तुमच्यामुळे पोरीची दगदग वाचणार," ती त्याच्या कानाशी म्हणाली, डाव्या, म्हणून त्याला ऐकू आलं. त्यानं मान आणखी पुढे वाकवली. आपण भित्रे आहोत हे त्याला नेहमीच माहीत होतं. आपली भीती दुसऱ्याच्या जिवावर बेतली तरी आपण गप्प बसू शकतो, हे नव्यानं कळत होतं आणि त्यामुळे त्याला स्वतःचीच किळस आली.

एक तारखेला, सोमवारी, सात वाजता बायको फाटकापर्यंत आली. मुलीनं केस जॅकेटच्या आत घातले, हेल्मेट चढवलं. तो आधी गाडीवर बसला आणि पुढे बघतच म्हणाला, "हे बघ, आरसा थरथरतो हा. मागून काही आलं की माझ्या उजव्या खांद्यावर बोटांनी दोनदा मार. नवीन गाडी आहे, सवय होईपर्यंत." रात्रभर घोळवून ठेवलेलं हे वाक्य तोंडातून सहज निघालं. तिनं त्याच्या डाव्या बाजूला झुकून "बरं" म्हटलं. अर्धं खरं सांगितलं की अर्धं पाप कमी होतं, असं काहीतरी वाटून तो निघाला.

शहर संपेपर्यंत सगळं हळूच होतं. मोठा रस्ता लागला आणि खांद्यावर पहिली दोन बोटं पडली. तो डावीकडे सरकला, एक पांढरी कार निघून गेली. पुन्हा दोन बोटं. टेम्पो. पुन्हा. मोटरसायकल, कार, कार. तो थक्क झाला. इतकी वाहनं होती. आठ दिवस तो याच रस्त्याला सकाळी मोकळा समजत होता. मान मोडेपर्यंत वळून बघत होता आणि तरी यांतली निम्मी त्याच्या शेजारून त्याला न कळता गेली असणार. बोटं पडत होती, नेमकी, वाहन येण्याआधी पुरेसा वेळ देऊन, आणि हळूहळू त्याच्या हातांची पकड सैल झाली. त्यानं आरशात बघणं सोडलं. खांदा हाच त्याचा कान झाला होता. मुलगी एवढीशी असताना त्याच्या मानेवर बसून त्याचे केस धरून त्याला डावी-उजवी दाखवायची, ते त्याला आठवलं आणि डोळे भरून आले. महिन्याभरात पहिल्यांदा तो रस्ता बघत होता. दोन्ही बाजूंना कापणी झालेलं सपाट रान, त्यावर ऊन, मधे एक पांढरं गोदाम. बोटं थांबली. मागे कुणी नव्हतं. तो जरासा मधे आला, पाठ ताठ केली आणि खुर्चीत बसल्यासारखा, मेहुणा म्हणाला होता तसा, जात राहिला. असंच रोज जाता येईल, असं त्याच्या मनात आलं.

उजवीकडचं ऊन गेलं. आधी त्याला ढग वाटला. मग गुडघ्यापासून हातभर अंतरावर त्याच्या उंचीचं एक चाक फिरताना दिसलं, त्याच्यामागे दुसरं, तिसरं, वर टँकरचं गोल पोट, न संपणारं, आणि हवेनं गाडीला आधी बाहेर ढकललं, मग आत ओढलं. पाठीमागून कुणीतरी त्याचं जॅकेट दोन्ही मुठींनी डावीकडे खेचलं. गाडी रस्ता सोडून खडीवर आली, वाकडी झाली, सरळ झाली, एका टायरपंक्चरच्या टपरीअलीकडे येऊन थांबली. त्याचे पाय जमिनीला टेकले होते, दोन्ही, सपाट. इंजिन बंद करायला बटण सापडेना.

ती खाली उतरली आणि फिरून त्याच्यासमोर, अगदी समोर, येऊन उभी राहिली. तिनं हेल्मेट काढलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिचे ओठ त्याला स्पष्ट दिसत होते आणि ती ते मुद्दाम स्पष्ट हलवत होती.

"केव्हाचा वाजवत होता तो. मी मोजले. अकरा हॉर्न."

"मग मारलं का नाहीस खांद्यावर?"

"बघायचं होतं," ती म्हणाली. "तुला विचारलं असतं तर तू हसला असतास."

"अगं, मेली असतीस तू."

"तू उजवीकडे गेलास तर ओढायचं ठरवलं होतं. धरूनच बसले होते." तिनं मुठी उघडून दाखवल्या. तळव्यांत नखांचे चार चार लाल चंद्र उमटले होते. मग तिला रडू आलं. तिला ते आवरता येईना, आणि रडतानाही तिनं तोंड त्याच्याकडेच ठेवलं. "निळ्या गाडीचं मामा सांगत होता तेव्हापासून मी झोपले नाहीये नीट. किती दिवस झाले, बाबा?"

त्याच्या तोंडात नेहमीचं सगळं तयार होतं. लक्षच नव्हतं. हेल्मेट जाड आहे. आरसा थरथरतो. त्यानं तिच्या तळव्यांकडे पाहिलं. समोरून वाहनं जात होती, रस्ताभर, एकामागून एक, बिनआवाजी. त्यानं हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

किती मोठ्यानं बोललो ते त्याला कळलं नाही. टपरीवरचा माणूस मात्र हातातलं टायर तसंच धरून त्याच्याकडे वळून बघत होता.